वाचकांचे प्रश्न : बोगदा सोपा, स्थानक अवघड

पुण्यात सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची आरे ते कफ परेड ही मार्गिका पूर्ण झाली. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत भुयारी स्थानकांविषयीचे प्रश्न वाढले आहेत. काही पत्रांत कुतूहल आहे, काहींत धास्ती आहे, आणि दोन-तीन पत्रांत नागपूरवर अन्याय झाल्याची तक्रार आहे. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

*प्रश्न : पुण्याला लेकीकडे गेलो असता मंडईच्या भुयारी स्थानकात उतरण्याचा योग आला. नागपुरात मेट्रो पुण्याच्या तीन वर्षे आधी धावली, तरी आपल्याकडे एकही स्थानक जमिनीखाली नाही. नागपूरकरांच्या वाट्याला खांबच का आले? — एक ज्येष्ठ वाचक, धरमपेठ*

आपली खंत समजते, पण जमिनीखाली जाणे हा मानाचा प्रश्न नाही. ज्या शहरात वर जागा उरलेली नसते, त्याला नाइलाजाने खाली जावे लागते. मेट्रोचा खांब उभा करायचा तर रस्त्याच्या मधोमध दोन-तीन मीटरची पट्टी मोकळी हवी आणि दोन्ही बाजूंनी वाहतूक चालू राहायला हवी. वर्धा रोड, कामठी रोड, सेंट्रल अव्हेन्यू आणि उत्तर अंबाझरी मार्ग यांनी ती जागा दिली. वर्धा रोडवर तर ३.१४ किलोमीटर अंतरात एकाच खांबावर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो असे दोन मजले बसवले. कामठी रोडवर त्याहून लांब दुमजली पूल झाला. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर आहेत. ज्या शहराला आकाशात इतकी जागा मिळते, त्याने जमीन का उकरावी?

पुण्याची गोष्ट वेगळी होती. शिवाजीनगरहून स्वारगेटला जाताना कसबा आणि मंडई ओलांडावी लागते. तेथील रस्त्यांवर खांब रोवला असता तर दोन्ही बाजूंची घरे पाडावी लागली असती. म्हणून त्या मार्गिकेचा सुमारे सहा किलोमीटरचा भाग आणि पाच स्थानके जमिनीखाली गेली. एक गोष्ट सहज सांगतो, ती आपल्याला सुखावेल : पुण्याची ही स्थानके बांधणाऱ्या महामेट्रोचे मुख्यालय नागपुरातच, दीक्षाभूमीजवळच्या मेट्रो भवनात आहे.

आता पैशाचे पाहू. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. हा टप्पा ४३.८ किलोमीटरचा असून त्यात ३२ स्थानके आहेत, आणि मंजूर खर्च ६,७०८ कोटी रुपये आहे. म्हणजे किलोमीटरला सुमारे १५३ कोटी पडतात. मुंबईची मार्गिका ३३.५ किलोमीटरची आहे, २७ पैकी २६ स्थानके भुयारी आहेत आणि खर्च ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. तो किलोमीटरला अकराशे कोटींच्या घरात जातो. ही तुलना तंतोतंत नाही, हे मान्य करतो. मुंबईच्या गाड्या आठ डब्यांच्या आहेत, आपल्या तीन डब्यांच्या. मुंबईतील जमीन आणि गर्दीही वेगळी. तरीसुद्धा एकाच शहरात भुयारी किलोमीटर हा उन्नत, म्हणजे खांबांवरच्या, किलोमीटरच्या दुपटीहून महाग पडतो, असाच सर्वत्रचा अनुभव आहे, आणि त्या वाढीव खर्चाचा मोठा वाटा स्थानके गिळतात.

आपला दुसरा टप्पा बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि कापसी अशा शहराबाहेरच्या दिशांना जातो, त्यामुळे जुने शहर त्यात येत नाही. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत खांब उभा राहू शकत नाही, हे मात्र खरे. पुढचे पत्र नेमके त्याच भागातून आले आहे.

*प्रश्न : समजा, उद्या आमच्या बडकस चौकाखाली स्थानक करायचे ठरले. बोगदा खणणारे यंत्रच स्थानकही खणून काढते का? जागा कोण आणि कशी ठरवतो? रस्ता किती काळ बंद राहील? — एक वाचक, महाल*

यंत्र स्थानक खणत नाही, हे प्रथम सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. टीबीएम या नावाने ओळखले जाणारे ते यंत्र साधारण साडेसहा मीटर व्यासाचे गोल भोक पाडत पुढे सरकते आणि आपल्या मागे काँक्रीटच्या वक्र तुकड्यांची कडी एकामागून एक जुळवत जाते. मुंबईत अशी १७ यंत्रे लावली होती, तर पुण्यातल्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना ही नद्यांची नावे दिली होती. सारे ठीक चालले असेल तर वर टपरीवर चहा घेत असलेल्या माणसाला आपल्या पायाखालून यंत्र गेले हे कळतही नाही. स्थानकाला मात्र गोल भोक पुरत नाही. दोन मजल्यांचे, वीसेक मीटर रुंदीचे दालन लागते आणि ते बहुतेक वेळा वरूनच उघडावे लागते. भुयारी मेट्रोत बोगदा सोपा आणि स्थानक अवघड, असे मी म्हणतो ते यामुळे. मार्ग कितीही लांब असो, शहराला त्याचा त्रास स्थानकांच्या जागीच होतो.

जागेचा निर्णय दोन पातळ्यांवर होतो. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार आधी शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा आणि पर्यायांचा अभ्यास करावा लागतो. त्यात बससेवेने काम भागते का, हेही तपासावे लागते. समाजाला होणारा लाभ धरून काढलेला आर्थिक परताव्याचा दर १४ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. ही चाळणी पार पडली की आखणीकार नकाशावर उतरतो. त्याला प्रवासी जेथे आहेत तेथे स्थानक हवे असते, पण रूळ फलाटालगत सरळ आणि जवळपास सपाट हवेत, शेजारचे स्थानक साधारण एक किलोमीटरवर हवे, आणि काम करायला मोकळी जागा हवी. या ओढाताणीत बहुधा मोकळ्या जागेचीच सरशी होते. त्यामुळे बडकस चौकाचे नाव स्थानकाला मिळेलही, पण खड्डा चौकात पडेलच असे नाही. असा विचार झालाच, तर आखणीकाराची नजर पहिल्यांदा चिटणीस पार्कसारख्या मैदानाकडे जाईल, असा माझा तर्क आहे.

किती जागा लागते, याविषयी एक गैरसमज आढळतो. आपल्या तीन डब्यांच्या गाडीची लांबी सदुसष्ट-अडुसष्ट मीटर आहे, म्हणून पाऊणशे मीटरचे स्थानक पुरे, असे वाटते. फलाट तेवढा पुरतो. पण दोन्ही टोकांना बोगद्याच्या हवेचे प्रचंड पंखे, विजेचे उपकेंद्र, सिग्नलची खोली, पंपघर आणि वातानुकूलनाची यंत्रे बसवावी लागतात. त्यामुळे जमिनीखालची पेटी सहज १४०-१५० मीटरवर जाते. गाडी निम्मी केली म्हणून स्थानक निम्मे होत नाही, आणि लहान गाड्यांच्या शहरांना भुयारी मेट्रो परवडत नाही त्याचे हे एक मोठे कारण आहे.

प्रत्यक्ष कामाला चाचणीच्या खड्ड्यांपासून सुरुवात होते. जुन्या वस्तीत जमिनीखाली काय पुरले आहे, ते नकाशावर पूर्ण कधीच सापडत नाही. म्हणून यंत्र न लावता कुदळ-फावड्याने आडवा चर घेऊन पाहतात. मी पाहिलेल्या एका चरात नकाशाप्रमाणे तीन वाहिन्या निघायला हव्या होत्या, पण निघाल्या सात. त्यांत जेमतेम हातभर खोलीवर विटांची कमान असलेले एक गटार होते, ज्याची नोंद कुठल्याच कार्यालयात नव्हती आणि जे अजून वाहत होते. मजुराने वरची वीट काढली तेव्हा आतून साबणाच्या पाण्याचा वास आला. म्हणजे शेजारच्या कोणत्या तरी वाड्याची मोरी त्यात उतरत होती. ती मोरी शोधून दुसरीकडे वळवण्यात तीन आठवडे गेले. पाण्याची, सांडपाण्याची, विजेची, दूरध्वनीची अशी प्रत्येक वाहिनी हलवल्याशिवाय खोदकाम सुरू करता येत नाही. स्थानकाच्या कामाचे पहिले वर्ष पुष्कळदा यातच सरते, आणि बाहेरच्यांना मात्र पत्र्याच्या आड काहीच चालले नाही असे वाटते.

नंतर पेटीच्या भिंती येतात, त्याही खोदकामाच्या आधी. माती मऊ असेल तर सुमारे मीटरभर रुंदीचा खोल चर खणतात आणि तो ढासळू नये म्हणून बेंटोनाइट मातीच्या घट्ट पाण्याने भरलेला ठेवतात. त्यात सळ्यांचा पिंजरा सोडतात आणि तळापासून नळीने काँक्रीट भरत आणतात. काँक्रीट जसे वर चढते तसे ते पाणी बाहेर सारले जाते. हिला डायफ्रॅम भिंत म्हणतात. खडक वर असेल तर तो लागेपर्यंत एकमेकांना चिकटून पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, घेतात, आणि खाली खडकातच लोखंडी बोल्ट ठोकून वर काँक्रीटचा फवारा मारतात. पश्चिम नागपुरात काळा बेसाल्ट आहे, पूर्वेकडे त्याहून कितीतरी प्राचीन असा नाइस नावाचा खडक आहे, उत्तरेला कामठीचा वालुकाश्म आहे, आणि वर बऱ्याच भागात फुगणारी-आकसणारी काळी माती आहे. हे सारे ज्या पट्ट्यात एकमेकांना भेटते, तेथे दर वीस-पंचवीस मीटरवर भोक घेऊन नमुने तपासावेत, असे मी सांगेन. अर्धा खडक आणि अर्धी माती असा मिश्र थर खोदणाऱ्याला सर्वांत अधिक छळतो.

भिंती उभ्या राहिल्यावर दोन वाटा असतात. एक म्हणजे तळापर्यंत खोदत जायचे, आडवे पोलादी टेकू देत राहायचे आणि मग घर बांधतात तसे खालून वर बांधत यायचे. ही वाट स्वस्त आणि सरळ आहे, पण तोवर वरचा खड्डा उघडा राहतो. दुसरीत आधी छत ओतायचे, त्यावर माती टाकून रस्ता पूर्ववत करायचा आणि छतात ठेवलेल्या झरोक्यातून खालची माती काढत उतरायचे. हे काम अंधारात, दाटीत आणि सावकाश चालते. व्यापाऱ्यांनी दुसरी वाट मागावी आणि कंत्राटदाराने पहिली, हे ठरलेलेच. स्थानक पूर्ण व्हायला चार-पाच वर्षे लागतात असे धरा. रस्ता त्यातला किती काळ बंद राहील, हे या निवडीवर ठरते. म्हणून जनसुनावणीत ‘काम कधी संपणार’ याच्याही आधी ‘छत आधी ओतणार की शेवटी’ असे विचारावे.

वर काहीच उघडता येत नसेल तर शेजारच्या लहानशा प्लॉटमधून उभी विहीर खणतात आणि तिच्यातून आडवे शिरून खडकातच फलाटाची गुहा कोरतात. मुंबईत काळबादेवी आणि गिरगावला असे करावे लागले. तरीही प्रवेशद्वारांसाठी आणि विहिरीसाठी काही इमारती घ्याव्या लागल्या आणि तेथील रहिवाशांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक वर्षे चालला.

*प्रश्न : पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात पाणी तुंबते. तेवढ्याशा खोलगट भागातले पाणी आवरत नसेल, तर वीस मीटर खोल स्थानकात काय होईल? — एक वाचक, मनीषनगर*

आपली शंका अगदी रास्त आहे. वरून येणारे पाणी आणि खालून येणारे पाणी हे दोन निराळे शत्रू आहेत. आपण पहिल्याविषयी विचारले आहे, म्हणून त्याचे आधी सांगतो.

रेल्वेखालच्या रस्त्याचे तोंड उघडे असते आणि आजूबाजूचा उतार त्याच्याकडेच धावतो, त्यामुळे तो गोळा झालेल्या पाण्याचे तळे होतो. स्थानकाचे तोंड लहान असते आणि ते उंच करता येते. प्रवेशद्वाराशी आधी तीन-चार पायऱ्या चढायच्या आणि मग खाली उतरायचे, हा उलटा प्रकार आपण पुण्या-मुंबईत पाहिला असेल. तो पुरासाठीच असतो. शहरातील आजवरची सर्वाधिक पूरपातळी शोधायची, तिच्यावर आणखी काही अंतर धरायचे आणि तेथे उंबरठा ठेवायचा. नागपुरात या हिशेबाला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट विसरून चालणार नाही. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडले आणि बर्डीवरील मोर भवनाच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. नाग नदीच्या काठाने उद्या कोणी स्थानक आखले, तर त्या दिवशी भिंतींवर राहिलेले पाण्याचे डाग मोजूनच उंबरठा ठरवावा लागेल.

उंबरठा उंच असूनही घात होतो, तो काम अर्धवट असताना. मुंबईत आचार्य अत्रे चौक स्थानक १० मे २०२५ ला प्रवाशांसाठी खुले झाले आणि २६ मे रोजी त्यात पाणी शिरले. बांधकाम चालू असलेल्या एका प्रवेशमार्गाजवळची पाणी अडवणारी भिंत जोराच्या पावसात कोसळली होती. स्थानकाची चार दारे असतील आणि तीन पूर्ण झाली असतील, तर पाणी चौथ्याने येते. सर्व तोंडे बंदिस्त होण्याआधी पावसाळ्याच्या तोंडावर स्थानक खुले करू नये, असे माझे मत आहे. उद्घाटनाच्या तारखा ठरवणाऱ्यांना ते पटेलच असे नाही.

खालचे पाणी शांत असते, पण त्याचा जोर फार मोठा असतो. भूजल जमिनीखाली तीन मीटरवर आहे आणि स्थानकाचा तळ वीस मीटरवर आहे असे समजा. तळाला सतरा मीटर पाण्याचा दाब लागेल, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला सतरा टन वर ढकलले जातील. आता पेटीचे वजन पाहा. सव्वा मीटर जाडीचा तळ आणि तेवढेच जाड छत यांचे मिळून सहा टन, मधल्या मजल्याचे दीड, छतावरच्या दोन मीटर मातीचे साडेतीन, आणि भिंतींचे वजन रुंदीवर वाटले तर चारेक टन. बेरीज पंधरा टनांच्या आसपास येते. म्हणजे इतके काँक्रीट ओतूनही स्थानक बुडणार नाही, ते तरंगेल. रिकामी घागर विहिरीत जशी वर येते, तसेच हे आहे. म्हणून तळ आणखी जाड करतात, त्याला भिंतीबाहेर ओठ काढून वरची माती त्याच्यावर बसवतात किंवा खाली खडकात ओढ घेणारे पाइल गाडतात. बांधकाम चालू असताना, छतावर माती पडण्याआधी पंप बंद पडला तर काय, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो. अनुभवी अभियंता तोच आधी मागतो.

*प्रश्न : एवढी माती जाते कुठे? आमच्या दुकानासमोरून रोज किती ट्रक जातील? — एक व्यापारी, इतवारी*

थोडक्यात गणित मांडतो. पेटी १५० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २० मीटर खोल धरली तर ६० हजार घनमीटर खोदकाम होते. खडक फुटला की फुगतो, तेव्हा गाडीत भरताना ते ९० हजार घनमीटरच्या घरात जाते. एका मोठ्या टिपरमध्ये बारा घनमीटर भरले तर साडेसात हजार खेपा होतात. दिवसा अवजड वाहनांना बंदी असल्यामुळे रात्री पन्नास खेपा धरल्या, तर एकही रात्र न चुकता दीडशे रात्री लागतील. प्रत्यक्षात पाऊस, सण आणि बिघाड धरून त्या दुप्पट होतात. चांगला बेसाल्ट निघाला तर तो खडीसाठी आणि भरावासाठी उपयोगी पडतो. काळी माती भरावालाही कोणी घेत नाही. आपण कंत्राटात एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी : बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टिपरची चाके धुण्यासाठी फाटकाशी हौद ठेवण्याची अट आहे का, आणि तो हौद खरोखर वापरला जातो का. इतवारीतील दुकानदाराचा धुळीचा निम्मा त्रास तेथेच मिटतो.

*प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात भुयारी स्थानक थंड राहील की तापेल? आणि आग लागली तर माणसे वर कशी येणार? — बजाजनगर*

काही मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर जवळपास स्थिर राहते आणि ते त्या गावाच्या वार्षिक सरासरीइतके असते. नागपूरला ते सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास धरायला हरकत नाही. म्हणजे मे महिन्यात वर पंचेचाळीस अंश असताना खालचा खडक थंडच असतो. पण त्या खडकाच्या पोटात आपण गाड्यांचे ब्रेक, मोटारी, दिवे आणि हजारो माणसांची अंगे नेऊन सोडतो, आणि ती उष्णता बाहेर काढण्याखेरीज इलाज नसतो. गाडी बोगद्यात पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढची हवा ढकलते, तिच्यासाठी वर झरोके ठेवतात. फलाटाच्या कडेला काचेची दारे बसवतात, त्यामुळे थंड केलेली हवा बोगद्यात पळून जात नाही आणि माणूसही रुळांवर पडत नाही. आखणीतच एक जुनी युक्ती साधली जाते : स्थानक थोडे उंचावर आणि मधला बोगदा खोलगट ठेवायचा. गाडी चढ चढत स्थानकात येते तेव्हा आपोआप मंदावते आणि निघताना उताराचा फायदा घेते. वीजही वाचते आणि ब्रेकची उष्णताही.

आगीच्या बाबतीत एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचे एनएफपीए १३० हे मानक जगभर वापरले जाते. फलाट चार मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि फलाटाच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यातील माणूस सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोचला पाहिजे, अशी त्याची अपेक्षा आहे. आता तुम्हीच हिशेब करून पाहा. भरलेल्या गाडीतील हजार आणि फलाटावर थांबलेले पाचशे अशी दीड हजार माणसे आहेत. दोन मीटर रुंदीच्या जिन्याने मिनिटाला शंभर-सव्वाशे माणसे चढतात. चार मिनिटांत सगळ्यांना वर न्यायचे तर असे चार जिने लागतात. सरकत्या जिन्यांपैकी एक बंद आहे असे गृहीत धरावे लागते, आणि लिफ्ट सहसा हिशेबातच धरत नाहीत. म्हणजे फलाटाची रुंदी रोजच्या प्रवाशांवर जितकी ठरते, तितकीच त्या चार मिनिटांवरही ठरते. पंखे दोन्ही दिशांना फिरू शकणारे असतात. आग कुठे आहे ते पाहून धूर एका बाजूने ओढायचा आणि माणसांना दुसऱ्या बाजूने, समोरून येणाऱ्या ताज्या हवेत न्यायचे, अशी ती योजना असते.

तुमच्या अभ्यासासाठी आणखी एक दुवा. दोन बोगदे एकमेकांपासून साधारण एका व्यासाइतके दूर ठेवावे लागतात, म्हणजे एकाचे खोदकाम दुसऱ्याला त्रास देत नाही. स्थानकात शिरताना त्या दोन रुळांमध्ये जी जागा उरते, तीच मधल्या फलाटाची होते. बर्डीच्या उन्नत स्थानकाची आखणी आणि एखाद्या भुयारी स्थानकाची आखणी शेजारी ठेवून पाहिलीत, तर रुळांमधल्या अंतराचा हा फरक पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

*प्रश्न : अखेरची परवानगी कोण देतो? मेट्रो आपणच बांधते आणि आपणच तपासते का? — एक वाचक, जरीपटका*

नाही. प्रवासी वाहतुकीपूर्वी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त पाहणी करतात आणि त्यांच्या मंजुरीविना गाडी सोडता येत नाही. हे आयुक्तालय रेल्वेच्या किंवा मेट्रोच्या अखत्यारीत नाही. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. तपासणारा आणि बांधणारा एका घरचे नसावेत म्हणून ही तजवीज केली आहे.

*प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण जमिनीखालच्या स्वच्छतागृहातील मैला कुठे जातो? — एक गृहिणी, गोपालनगर*

संकोच कसला, अभियंत्यांनाही हा प्रश्न पुरून उरतो. वरची गटारे पाच-सहा मीटरवर आणि फलाट त्याच्या कितीतरी खाली, म्हणून उताराने काहीच जात नाही. सारे एका बंद टाकीत गोळा करून पंपाने वर गटारात ढकलतात. पंप जोडीने बसवतात, एक चालू आणि एक राखीव. स्वच्छतागृहे फलाटावर न ठेवता शक्यतो वरच्या, तिकिटांच्या मजल्यावर ठेवतात, त्याचेही कारण हेच.

*प्रश्न : आमचा वाडा दीडशे वर्षांचा आहे, भिंती माती-विटांच्या आणि खांब सागवानी. मागच्या चौकात विहीर आहे, ती उन्हाळ्यातही आटत नाही. जवळ असे काम निघाले तर वाडा आणि विहीर टिकेल का? — एक वाचक, महाल*

आज आपल्या भागात असे काम ठरलेले नाही, हे आधी सांगतो. तरीही उत्तर देणे आवश्यक आहे, कारण भीतीला आधार आहे. कोलकात्यात ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस बोगद्याचे यंत्र बहूबाजारात पाण्याने भरलेल्या थराला भिडले, पाणी आणि गाळ बोगद्यात शिरला, वरची जमीन खचली आणि जुनी घरे कोसळली. कोलकात्याची जमीन गाळाची आहे आणि आपल्याकडे खडक आहे, त्यामुळे आपण त्यांच्याइतके उघडे नाही. पण वाड्याचा पाया खडकावर नसून वरच्या मातीत असतो, आणि धोका त्या मातीतले पाणी निघून जाण्याचा असतो. खोदकाम कोरडे ठेवण्यासाठी पंप चालतात, भोवतालचे भूजल उतरते, मातीतला ओलावा जातो आणि माती दबते. काळी माती तर आकसतेच. सारी जमीन सारखी दबली तर वाड्याला कळतही नाही, पण एक कोपरा दोन सेंटिमीटर आणि दुसरा शून्य असे झाले की भिंतीला तिरपी चीर पडते. भिंत खडकापर्यंत नीट नेली आणि पाणी पेटीत शिरू दिले नाही, तर हे टळते. उतरलेले पाणी बाहेरच्या बोअरमधून पुन्हा जमिनीत सोडण्याचीही पद्धत आहे.

सुरुंगाचा हादरा मोजता येतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परिपत्रकात कंपनांचा जमीन हलवण्याचा वेग किती असावा हे दिले आहे : घरांसाठी कमी कंपनसंख्येला सेकंदाला ५ मिलिमीटर आणि ऐतिहासिक किंवा नाजूक वास्तूंसाठी २ मिलिमीटर अशी मर्यादा आहे. आपला वाडा कोणत्या रकान्यात धरला आहे, ते लेखी विचारावे. मातीच्या भिंतींचा वाडा दुसऱ्या रकान्यात धरावा, असा माझा सल्ला राहील.

काम सुरू होण्यापूर्वी ठेकेदाराने प्रत्येक घराची पाहणी करून जुन्या चिरांची छायाचित्रे काढणे अपेक्षित असते. त्याची प्रत घरमालकाने मागून घ्यावी, आणि नुसती त्यावर विसंबून राहू नये. तीस वर्षांपूर्वीची चीर आणि काल पडलेली चीर यांत फरक दाखवता आला नाही तर वाद वर्षानुवर्षे चालतो. आतील कडा धुळीने काळवंडली असेल तर चीर जुनी, स्वच्छ असेल तर नवी, हे डोळ्यांनाही कळते. चिरेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी सिमेंटने चिकटवून तीवर तारीख लिहून ठेवावी. भिंत हलली तर काच तडकते.

विहिरीसाठी कामाची वाट पाहू नका, आजच सुरुवात करा. दोरीला वजन बांधा, दर मीटरला गाठ मारा, विहिरीच्या काठावर एक दगड निश्चित करून तेथून दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी पाणी उपसण्याआधी, खोली मोजा. ती भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत लिहा. कॅलेंडर वर्षअखेरीस टाकून देऊ नका. अशी चार-पाच कॅलेंडरे जवळ असतील तर मे महिन्यात आपली विहीर नेहमी किती उतरते, ते आपल्याला ठाऊक असेल आणि त्याहून दोन हात अधिक उतरली तर समोरच्याला दाखवताही येईल.